सायकलची दुसरी तार कुठे आहे?



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कॉलेजातून घरी परतायला मला उशीर झाला होता. उसाचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी आमच्या भागातल्या रस्त्यांची काय अवस्था होते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा झगझगीत दिवा डोळ्यांत, त्याच्यामागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि रस्त्याच्या कडेला काळाकुट्ट अंधार. असाच एक ट्रॅक्टर निघून गेला आणि माझ्या स्कूटरच्या पुढे अवघ्या सात-आठ हातांवर मला एक सायकल दिसली. तिला पुढेही दिवा नव्हता आणि मागेही. नशिबाने ब्रेक वेळेवर लागला.

सायकलवर दहावीतला एक मुलगा होता. शिकवणीहून घरी चालला होता. आम्ही दोघेही घाबरलो होतो. रस्त्याच्या कडेला जरा थांबलो. मी विचारले, "अरे, सायकलला दिवा नको का?"

"दिवा आहे, काका, पण लागत नाही." त्याने मागच्या चाकाकडे बोट दाखवले. चिमट्यावर बाटलीच्या आकाराचा एक जुना डायनॅमो बसवलेला होता. "बाबांची सायकल आहे. एक तार कुठेतरी गळून पडली असणार. दिव्याला दोन तारा लागतात आणि इथे एकच दिसते."

मी मोबाइलच्या उजेडात नीट पाहिले. तार गळून पडलेली नव्हती. त्या डायनॅमोला पहिल्यापासून एकच तार होती. बिघाड निराळा होता. डायनॅमो ज्या पट्टीने चिमट्याला आवळला होता ती पट्टी गंजली होती आणि तिच्यातला टोकदार स्क्रू ढिला झाला होता. स्कूटरच्या हत्यारांतला पाना घेऊन मी थोडा गंज खरवडला, स्क्रू घट्ट केला आणि मागचे चाक उचलून फिरवले. दिवा लागला! मुलगा दिव्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "पण काका, दुसरी तार कुठे आहे?"

मित्रांनो, हा प्रश्न मला फार आवडला. परिपथ पूर्ण झाल्याशिवाय विद्युत्प्रवाह वाहत नाही, हे तो मुलगा शिकलेला होता आणि त्यावरून त्याने केलेला तर्क बरोबरच होता. बोलता बोलता मी त्याला फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम विचारला, तर त्याने तीन बोटे ताठ करून तो घडाघडा म्हणून दाखवला. विद्युतजनित्राची आकृतीही त्याला पाठ होती. पण आपण रोज ज्या सायकलवर बसतो तिच्यावर तेच जनित्र बसवलेले आहे, आणि ते का बंद पडले हे आपण स्वतः शोधू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दोष त्याचा नाही, आम्हा शिक्षकांचा आहे.

म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. सायकलच्या डायनॅमोवर दिवा स्वतःच्या हाताने जोडल्याशिवाय विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा पूर्ण झाला, असे कोणत्याही शाळेने मानू नये. का, ते आता सविस्तर पाहू.

पुस्तकातली आकृती आणि हातातली वस्तू

मायकेल फॅरडे यांनी १८३१ सालच्या ऑक्टोबर महिन्यात तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केले आणि वेटोळ्यात क्षणभर विद्युत्प्रवाह वाहतो असे त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, पॅरिसमधल्या इपोलित पिक्सी या उपकरणे बनवणाऱ्या माणसाने हाताने फिरवायचे एक यंत्र तयार केले. त्यात वेटोळी स्थिर होती आणि त्यांच्यासमोर नालाच्या आकाराचे चुंबक फिरत असे.

आता तुमच्या पुस्तकातली जनित्राची आकृती डोळ्यांसमोर आणा. तिच्यात चुंबक स्थिर असते आणि मध्ये तारेची चौकट फिरते. फिरत्या तारेतून प्रवाह बाहेर काढायचा म्हणून कडी आणि ब्रश लागतात. आमची मुले या कड्या आणि ब्रश मोठ्या मेहनतीने पाठ करतात. पण सायकलचा एखादा निकामी डायनॅमो उघडून पाहा. आत ना कडी सापडेल, ना ब्रश. मधोमध आसावर गोल चुंबक बसवलेले असते आणि तेच फिरते. भोवती लोखंडी पट्ट्या आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे जागच्या जागी असते. थोडक्यात, पिक्सीच्या यंत्राचा हा धाकटा वंशज आहे. तार हलली काय आणि चुंबक हलले काय, वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की काम झाले. हे वाक्य फळ्यावर लिहून दहा वेळा वाचण्यापेक्षा तो डायनॅमो एकदा उघडून पाहिलेला बरा.

आणखी एक गोष्ट. याला आपण डायनॅमो म्हणतो खरे, पण यातून दिष्ट प्रवाह निघत नाही. निघतो तो प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे क्षणोक्षणी दिशा बदलणारा. किती वेळा बदलणारा? साधे गणित करा. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. डायनॅमोच्या डोक्यावरची चकती २२ मिलिमीटर व्यासाची धरली तर तिचा परीघ सुमारे ६९ मिलिमीटर होतो. म्हणजे चकती सेकंदाला जवळजवळ ६० फेरे घेते. आतल्या चुंबकाला उत्तर-दक्षिण अशा ध्रुवांच्या चार जोड्या असतील, तर वारंवारता झाली ६० गुणिले ४, म्हणजे २४० हर्ट्झ. घरच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते! तुमच्या डायनॅमोची चकती पट्टीने मोजा आणि तुमचे उत्तर काढा. सायकल हातात धरून चालताना तोच दिवा फडफडताना का दिसतो, हेही मग तुमच्या लक्षात येईल.

दुसरी तार

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. दुसरी तार म्हणजे सायकल स्वतःच. डायनॅमोतल्या वेटोळ्याचे एक टोक खालच्या स्क्रूला जोडलेले असते आणि दुसरे त्याच्या धातूच्या अंगाला. पट्टीतला टोकदार स्क्रू चिमट्यावरचा रंग भेदून पोलादाला टेकतो. प्रवाह तारेतून दिव्याकडे जातो, बल्बमधून दिव्याच्या अंगात येतो, तिथून लोखंडी सांगाड्यात उतरतो आणि सांगाड्यातून डायनॅमोकडे परत येतो. मोटारगाडी आणि मोटारसायकल यांच्यातही अशीच युक्ती वापरतात. तार वाचते, पैसे वाचतात.

युक्ती छान आहे, पण सायकलच्या बाबतीत ती दगा देते. वाटेत काय काय लागते ते मोजा. रंग, गंज आणि डायनॅमो मागे व दिवा पुढे असेल तर हॅंडलखालचे ग्रीसने माखलेले छर्रे. ग्रीस काही विजेचा चांगला वाहक नव्हे. म्हणूनच खड्ड्यातून सायकल गेली की दिवा मिचमिचतो. आकडेच हवे असतील तर पाहा. डायनॅमो अर्धा अँपिअर प्रवाह देतो असे धरू. साधारण अर्धा चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार जाऊन-येऊन चार मीटर लागली, तर तिचा रोध ०.१४ ओहम भरतो. ओहमच्या नियमाने तिच्यावर ०.०७ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण गंजलेल्या एका सांध्याचा रोध तीन ओहम असेल, तर एकट्या त्या सांध्यावर दीड व्होल्ट जातात. सहा व्होल्टांतले दीड! दिवा पिवळा पडला नाही तरच नवल.

म्हणून माझा आग्रह असा की जोडणी दोन तारांनी करावी. दुसरी तार स्वतः टाकावी, सांगाड्यावर विसंबू नये. आमच्या एका प्राध्यापक मित्राचे मत उलट आहे. त्याच्या मते सांगाड्यातून परतणारा प्रवाह शोधण्यातच खरे शिक्षण आहे. मला दोन्ही हवे आहे. आधी एका तारेने जोडा, दिवा का मिचमिचतो ते शोधा, मग दुसरी तार टाका आणि फरक पाहा.

तारा टाकताना काही गोष्टी सांभाळा. तार एकेरी जाड नको, अनेक बारीक धाग्यांची लवचीक घ्या. हादऱ्यांनी आणि हॅंडल वळवून वळवून एकेरी तार आतल्या आत तुटते आणि वरून काही कळत नाही. हॅंडलपाशी तारेला थोडा ढिला वळसा ठेवा. तार साखळीपासून आणि चाकाच्या आऱ्यांपासून लांब, सांगाड्याला चिकटून न्या. डायनॅमोच्या अंगाकडची तार काळी ठेवा आणि ती दोन्ही दिव्यांच्या अंगालाच जोडा. येथे उलटापालट झाली तर प्रवाह दिव्यात न जाता थेट सांगाड्यातून परत फिरतो आणि दोन्ही दिवे बंद पडतात. घरच्या विजेत असे झाले तर फ्यूज उडतो, पण इथे काहीच जळत नाही. का जळत नाही, हा प्रश्न लक्षात ठेवा. त्याचे उत्तर पुढे येणार आहे.

डायनॅमो बसवतानाही भूमिती विसरू नका. त्याच्या आसाची रेषा वाढवली तर ती चाकाच्या मध्यातून, म्हणजे आसातून जायला हवी. तशी गेली नाही तर चकती टायरवर लोळण्याऐवजी घासत राहते. टायर झिजतो आणि पायांवर नाहक ताण पडतो. डायनॅमो पुढच्या चाकापेक्षा मागच्या चाकाला लावणे बरे. पट्टी ढिली होऊन तो पुढच्या आऱ्यांत अडकला तर स्वार तोंडावर पडतो.

मागचा बल्ब का मरतो?

आता एक माझीच फजिती सांगतो. मी नववीत असताना वडिलांच्या सायकलवर डायनॅमो बसवला. तेव्हा पुढच्या दिव्याचा बल्ब ६ व्होल्ट, २.४ वॅटचा आणि मागच्या लाल दिव्याचा ६ व्होल्ट, ०.६ वॅटचा असे. दोन्ही मिळून ३ वॅट. दोन्ही दिवे समांतर जोडले, अगदी पुस्तकात सांगितले तसे. पहिले दोन दिवस मी गावभर मिरवलो. तिसऱ्या दिवशी मागचा बल्ब गेला. नवा आणला. आठवड्यात तोही गेला. महिनाभरात चार बल्ब गेले आणि खाऊचे सगळे पैसे संपले. मला खात्री होती की दुकानदार आपल्याला निकृष्ट माल देतो आहे.

बसस्थानकासमोर सायकल दुरुस्तीचे एक दुकान होते. दुकानातल्या वयस्कर मिस्त्रींना आम्ही सगळी मुले चाचा म्हणत असू. माझी तक्रार ऐकून ते हसले. म्हणाले, "मागच्या बल्बचा काही दोष नाही रे. तुझा पुढचा बल्ब हलतोय, तो आधी बघ. पुढचा गेला की मागचा मरतो."

मी त्यांच्याशी वाद घातला. "चाचा, समांतर जोडणीत एक दिवा गेला तरी दुसऱ्याला काही होत नाही. पुस्तकात लिहिलंय तसं."

"पुस्तकात असेल," चाचा म्हणाले आणि त्यांनी पुढच्या दिव्यातली पितळी पट्टी चिमटीने वाकवून घट्ट केली. त्यानंतर तो मागचा बल्ब दोन वर्षे टिकला.

पुस्तक खोटे होते का? नाही. चाचा चुकीचे होते का? तेही नाही. मग दोघांत मेळ कसा घालायचा? हे कोडे मला पुढे बी. एस्सी.ला गेल्यावर सुटले. तुम्हाला ते आजच सोडवता येईल.

पुस्तकातला नियम घरच्या विजेसाठी आहे. तिथे दाब, म्हणजे पुस्तकी भाषेत विभवांतर, ठरलेले असते. एक दिवा बंद केला तरी दुसऱ्याला तेवढाच दाब मिळतो. सायकलच्या डायनॅमोचे तसे नाही. सायकल वेगाने चालवली की चुंबक जोरात फिरते आणि निर्माण होणारा दाब वाढतो. वेग दुप्पट, तर दाब दुप्पट. मग उतारावर दोन्ही बल्ब लगेच जळून जायला हवेत. ते जळत नाहीत, कारण डायनॅमोतले वेटोळे स्वतःच्याच प्रवाहातल्या बदलाला विरोध करते. याला स्वप्रवर्तन म्हणतात. प्रवाह जितक्या वेगाने दिशा बदलेल तितका हा विरोध मोठा. वेग दुप्पट झाला की दिशा बदलण्याची गतीही दुप्पट होते, म्हणून विरोधही दुप्पट होतो. दाब दुप्पट आणि विरोधही दुप्पट, मग प्रवाह? जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे चांगल्या वेगाला डायनॅमो ठरावीक दाब देत नाही, तो ठरावीक प्रवाह देऊ पाहतो, सुमारे अर्धा अँपिअर. तारा उलट जोडल्या तरी डायनॅमो जळत नाही याचे कारण हेच. प्रवाह त्याहून फारसा वाढूच शकत नाही.

आता हिशेब करा. पुढच्या बल्बला ०.४ अँपिअर लागतात, मागच्याला ०.१. बेरीज ०.५. सगळे ठीक चालले आहे. खड्ड्यात पुढचा बल्ब हलला आणि त्याचा संपर्क तुटला. डायनॅमो आपला प्रवाह आता एकट्या मागच्या बल्बमधून ढकलू लागतो. तो पुरा अर्धा अँपिअर झाला नाही तरी ०.१ च्या कितीतरी पट होतो. बिचारा लाल दिवा एकदा लख्ख पेटतो आणि कायमचा विझतो. उलट, मागचा बल्ब गेला तर पुढच्याला ०.४ ऐवजी ०.५ मिळतात. तो लगेच जात नाही, जास्त पांढरा जळतो आणि त्याचे आयुष्य झपाट्याने घटते.

चाचांना हे सगळे अनुभवाने ठाऊक होते, कारण माहीत नव्हते. मला नियम ठाऊक होता, पण तो कोठे लागू पडतो हे माहीत नव्हते. माझ्या मते आपल्या विज्ञान शिक्षणाची मोठी उणीव येथेच आहे. दुकानातले ज्ञान दुकानात राहते आणि वर्गातले वर्गात. बसस्थानकासमोरचा रस्ता ओलांडून ही दोन ज्ञाने एकमेकांना भेटतच नाहीत. ज्या मुलाने हा परिपथ एकदा स्वतः जोडला, त्याच्या हातून ती भेट आपोआप घडते.

पण आता डायनॅमो कशाला?

तुमच्यापैकी चाणाक्ष वाचक विचारतील, "सर, आता बॅटरीवरचे एलईडी दिवे स्वस्तात मिळतात. मग हे जुने लोढणे गळ्यात कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळ न करता उत्तर दिले पाहिजे.

डायनॅमोचे दोष मला मान्य आहेत. सायकल थांबली की दिवा विझतो. पावसात टायर ओला झाला की चकती घसरते. शिवाय तो पायांकडून काम वसूल करतो. दिव्याला ३ वॅट द्यायचे तर घर्षण आणि इतर व्यय धरून पायांना त्याच्या दुपटी-तिपटीने काम करावे लागते. सपाट रस्त्यावर सावकाश सायकल चालवणारा माणूस सुमारे ५० ते ७५ वॅट खर्चतो, म्हणजे हे ओझे जाणवण्याइतके नक्कीच आहे. ऊर्जा फुकट मिळत नाही, हा धडा पोटऱ्यांना शिकवणारे दुसरे उपकरण मला तरी माहीत नाही.

हे स्वतः तपासून पाहा. सायकल स्टॅंडवर लावा, मागचे चाक दर वेळी सारखाच जोर लावून फिरवा आणि ते थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा. एकदा डायनॅमो टायरपासून दूर ठेवून, एकदा तो टेकवून पण तारा सोडवून, आणि एकदा दिवे जोडून. पहिल्या दोन वेळांतला फरक मुख्यतः घर्षणाचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेतला फरक तुम्ही निर्माण केलेल्या विजेचा. लेंझचा नियम यापेक्षा स्वस्तात कोठे पाहायला मिळणार? मात्र तारा सोडवलेल्या असताना त्यांच्या उघड्या टोकांना हात लावू नका. दिवा नसताना वेगात फिरणाऱ्या डायनॅमोचा दाब सहा व्होल्टांच्या कितीतरी पट चढतो.

आता गुण पाहा. डायनॅमोला चार्जिंग लागत नाही. ज्या संध्याकाळी वीज गेलेली असते, त्याच संध्याकाळी बॅटरी चार्ज करायची राहून जाते, हा खेडेगावातला रोजचा अनुभव आहे. जर्मनीत तर २०१३ सालापर्यंत बहुतेक सायकलींना डायनॅमोवरचाच दिवा लावणे कायद्याने आवश्यक होते. बॅटरीच्या दिव्यांना सरसकट परवानगी त्यानंतर मिळाली. चाकाच्या तुंब्यातच बसवलेले नवे डायनॅमो आजही बनतात. त्यांना टायरवर घासावे लागत नाही आणि पावसाचाही त्रास होत नाही.

आणि एलईडी डायनॅमोचा वैरी नाही, उलट जिवलग मित्र आहे. बल्बला ठरलेला दाब हवा असतो, एलईडीला मात्र ठरलेला प्रवाह हवा असतो. आपला डायनॅमो नेमके तेच देतो, हे आपण आताच पाहिले. फक्त एक अडचण आहे. एलईडी एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो आणि उलट दिशेचा दाब त्याला सोसत नाही. म्हणून चार डायोडांचा पूल बांधून प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करून घ्यायचा, आणि पांढऱ्या प्रकाशाचे दोन एलईडी एकसर जोडायचे. प्रत्येकावर साधारण ३ व्होल्ट, म्हणजे दोघांवर ६. गुणिले अर्धा अँपिअर, झाले ३ वॅट. एलईडी ७०० मिलिअँपिअर सोसणारे घ्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा, म्हणजे उष्णता निघून जाईल. या जोडणीत एलईडीकडच्या तारा सांगाड्याला मुळीच टेकू देऊ नका, नाहीतर पुलातला एक डायोड निकामी झाल्यासारखा होतो. का, ते आकृती काढून स्वतः शोधा. येथे दोन तारा चैन नव्हे, गरज आहे.

सायकल थांबल्यावर दिवा विझण्याचा दोष तरीही उरतो. त्यासाठी मागे लाल परावर्तक आणि पेडलांना पिवळे परावर्तक लावा. त्यांना ना तार लागते ना वीज.

शिक्षकांना एक विनंती

आता दोन शब्द माझ्या शिक्षक बंधू-भगिनींशी. दहावीला आपण विद्युतधारेचे परिणाम शिकवतो. त्या धड्यासाठी प्रयोगशाळेत एक जुनी सायकल स्टॅंडवर उभी करा. भंगारात जाणारी चालेल. तिच्यावर डायनॅमो, दोन दिवे, पाना, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर आणि दोन रंगांची तार एवढे सामान ठेवा. मुलांना चार-चारच्या गटाने जोडणी करू द्या. मग दिवा मुद्दाम बिघडवून द्या. एका गटाचा स्क्रू ढिला करा, दुसऱ्याच्या बल्बखाली कागदाचा तुकडा सरकवा, तिसऱ्याच्या तारा उलट करा. बिघाड शोधणाऱ्याला गुण द्या. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी "दुसरी तार कुठे आहे?" एवढेच विचारून पाहा. आणि जमल्यास एक दिवस गावातल्या सायकल मिस्त्रींना वर्गात बोलवा. पाहुणे म्हणून बोलवा, खुर्ची द्या.

यात वेळ जाईल, अभ्यासक्रम मागे पडेल, अशी भीती वाटणे साहजिक आहे. दोन तासिका लागतील, हे मी करून पाहून सांगतो. पण ज्या दोन तासिकांत परिपथ, रोध, समांतर जोडणी, प्रवर्तन, लेंझचा नियम आणि प्रत्यावर्ती प्रवाह एकाच वस्तूवर भेटतात, त्या वाया गेल्या असे कोण म्हणेल?

शेवटी, ही केवळ गुणांची गोष्ट नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या आणि त्यांची शाळा सुटण्याची वेळ टळली. या मुली थंडीच्या दिवसांत अंधार पडल्यावर, दिवे नसलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्यांच्या शेजारून घरी जातात. त्यांच्या सायकलमागचा लाल ठिपका ट्रकचालकाला शंभर पावलांवरून दिसणे आणि सात-आठ हातांवर दिसणे, यांत किती अंतर आहे ते मला गेल्या हिवाळ्यात कळले.

तो मुलगा त्यानंतर एकदा कॉलेजात मला भेटायला आला. त्याने सायकलला दुसरी तार टाकली होती, काळ्या रंगाची. शेजारच्या दोन घरांतल्या सायकलींचेही डायनॅमो त्याने दुरुस्त केले होते. पण त्याच्यापुढे एक नवे कोडे होते. मागचा बल्ब सारखा जात होता. मी त्याला उत्तर सांगितले नाही. पुढचा बल्ब हलवून पाहायला सांगितले.

येत्या रविवारी तुमच्या घरच्या माळ्यावर किंवा गोठ्यात एखादा जुना डायनॅमो पडला आहे का ते पाहा. चकती हाताने फिरेल तर अजून जीव आहे असे समजा. पॉलिश पेपर घ्या, तारा घ्या आणि कामाला लागा.